बारदान वजा

मार्केट यार्डात काट्यावर बसतो मी. हळदीचा काटा.
एकतीस वर्षं झाली.
पोतं चढतं, आकडा थरथरतो, थांबतो,
मी बारदान वजा करतो आणि मालाचं वजन पुकारतो.
एवढंच येतं मला.

संध्याकाळी घरी येतो तो पिवळा.
कानात, भुवयांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली हळद.
न्हाणीत दोन बादल्या ओतून घेतो
आणि मग, खरं सांगायचं तर,
कपडे घालावेसेच वाटत नाहीत.

कुमुदिनीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.
म्हणाली, उकडतंय म्हणून?
म्हटलं, नाही. थंडीतही.
म्हणाली, मग काय, दीक्षा घेताय?
आमच्यात हा प्रश्न थट्टेचा नसतो.
महाराज सांगलीत येतात तेव्हा तीच पहाटे
ओल्या उंबऱ्याशी उभी राहते, हातात कलश, नजर त्यांच्या पायांवर.
तो देह सगळं सोडून आलेला.
मी काय सोडलंय?
चहा सुटत नाही, फंडाचा हप्ता सुटत नाही,
भावाशी बांधावरून धरलेला अबोला सुटत नाही.
त्यांच्या शब्दावर मला हात ठेवता येत नाही.

मग माझा शब्द कुठला?
'नागडा' म्हणत आया पोरांमागे चड्डी घेऊन धावतात.
'विवस्त्र' पंचनाम्यात असतो, बहुतेक विहिरीपाशी.
आणि यार्डात 'नागवला' म्हणतात
तो अंगात सफारी असलेला माणूस असतो. भाव पडले की.
कुणी सुचवलं, निसर्गवादी म्हणा.
ते झाडं लावणारे वाटतात.

महापुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं, कपाट दाराबाहेर पडून गेलं.
शाळेत ट्रक आला, कपड्यांचा ढीग.
मला मिळाला कुणा अनोळख्याचा सदरा,
खिशात लाँड्रीची चिठ्ठी, कॉलरला त्याच्या मानेची घडी.
नऊ दिवस मी त्याच्या मापात वावरलो.
एका रात्री नळाखाली तो काढला
आणि हाताला लागलं ते सगळं ओळखीचं होतं.
अपेंडिक्सची शिवण, सुटलेलं पोट,
गुडघ्यावर सायकलची जुनी खूण.
तेवढंच वाहून गेलं नव्हतं.

तेव्हापासून.

महिन्यातून एक रविवार, तासगावकडे,
रायगोंडाच्या बंद बेदाणा शेडमध्ये आम्ही पाच जण जमतो.
चारी बाजूंनी हिरवी नेट, आत रिकाम्या जाळ्या,
जुन्या द्राक्षांचा आंबूस वास.
मिरजेचा दस्तगीर येतो, तंबोरे करणारा,
सुलक्षणा मॅडम, भूगोलाच्या, रिटायर्ड, आणि त्यांचे मिस्टर.
घडत काहीच नाही.
पहिली दहा मिनिटं हातांचं काय करायचं कळत नाही,
नंतर फक्त खिसा आठवतो: चष्मा ठेवू कुठे?
रमी चालते. शेंगा फोडतो. मॅडम पत्ते चोरतात.
कुणी कुणाकडे बघत नाही असं नाही,
बघतो, जसं बोलताना तोंडाकडे बघतात तसं.
दस्तगीर म्हणतो, पॉलिश करायच्या आधी भोपळा जास्त बोलतो.
रायगोंडा म्हणतो, पत्ता टाक.

गंमत अशी की आम्हा बाप्यांच्या अंगावर
उन्हानं शिवलेलं एक गोरं बनियन आहेच.
ते काही केल्या उतरत नाही.

कुमुदिनी येत नाही. डबा देते, पाच जणांचा,
आणि न बोलता पिशवीत एक जादा पंचा घालते, बसायला.
परवा विचारलं तिनं, थंडी नाही का हो वाजत?
वाजते, म्हटलं.
ती हसली. मेथीच होती समोर, पुन्हा.

सोमवारी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.
पोतं चढतं, आकडा थरथरतो.
मला आता वाटत नाही की रविवारी मी कुणी वेगळा असतो
आणि सोमवारी वेगळा.
पलीकडून अडत्या ओरडतो, मगदूम, निव्वळ किती?
सांगतो मी.